जानेवारीतली उन्हाळी

आमच्या आईला उन्हाळी लागायची ती पावसाळ्यात लागायची, हिवाळ्यात लागायची, आणि उन्हाळ्यात तर लागायचीच. ज्यांच्या घरात हा शब्द नाही त्यांच्यासाठी सांगते: उन्हाळी लागणं म्हणजे लघवीला जळजळ होणं. थेंब थेंब होते, आग होते, आणि जाऊन आलं की लगेच परत जावंसं वाटतं. एवढं लिहायला मला दोन वर्षं कॉलेजात जावं लागलं. त्याआधी मी ‘लघवी’ हा शब्द घरात, शाळेत किंवा दवाखान्यात मोठ्यानं कधी म्हटलाच नव्हता. शाळेत आम्ही करंगळी वर करायचो. करंगळीला आवाज नसतो.

सोलापुरात कुठल्याही दुखण्याला उष्णता हे एक कारण पुरतं. तोंड आलं, उष्णता. डोळे लाल झाले, उष्णता. मुलगी अभ्यास सोडून मोबाईल बघत बसली, तर डोक्यात उष्णता. तेव्हा खालच्या जळजळीचं नाव उन्हाळीच असणार. तिच्यावर आमच्याकडे औषधंही ठरलेली होती. धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, तळपायाला कांदा, आणि काहीच चाललं नाही तर पायाच्या अंगठ्याच्या नखाला चुना. चुना वडिलांच्या तंबाखूचा. एका डबीवर वडिलांची तंबाखू आणि आईची उन्हाळी अशी दोन्ही चालायची. आईचे अंगठे पांढरे दिसले की मी काही न विचारता भाकरीचं पीठ मळायला घ्यायची.

आम्ही मूळचे सांगोल्याकडचे, शेळ्या-मेंढ्यांच्या घरातले. वडील आधी सोलापूरला माग चालवायला आले, मागून आम्ही. आई अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात जाते. टॉवेलचे काठ शिवायचे, सुटे धागे कातरायचे, घड्या घालायच्या. मी घरातली बारावीच्या पुढे गेलेली पहिली. मायक्रोबायोलॉजी हा विषय मी निवडला असं म्हणणं खोटं होईल. ॲडमिशनच्या यादीत जिथं नाव लागलं तिथं बसले. आईला सांगितलं, मी जंतूंचं शिकते. आईनं गल्लीत सांगितलं, पोरगी जंताचं शिकती. दोन बायका आपापली पोरं घेऊन आल्या. एकीनं विचारलं, “ह्याच्या पोटात हायत का बघ की जरा.” मी त्या पोराच्या पोटाकडे बघितलं. दुसरं काय करणार?

दुसऱ्या वर्षाच्या जानेवारीत आई म्हणाली, “चल माझ्यासंगं दवाखान्यात. तुला कळतंय की त्यातलं.” आमच्या भागातल्या दवाखान्यात नवीन डॉक्टर आले होते. तरुण होते, सभ्य होते, मराठी बोलायचे पण ती बहुतेक शाळेत शिकलेली. बाहेर रांग मोठी. आई स्टुलावर बसली आणि पदर सारखा करून म्हणाली, “डाक्टर, उन्हाळी लागलीया.”

डॉक्टरांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. “आत्ता? जानेवारीत?”

“आमाला बारा म्हैने लागतीया.”

“हो, सोलापूर आहे म्हणा.” त्यांनी आईचा हात धरून नाडी बघितली. “अंगाची आग होते का?”

आईनं एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि मग फरशीकडे बघून म्हणाली, “व्हय. तसंच म्हना.”

“किती दिवसांपासून?”

“लगीन झाल्यापास्नं.”

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी गंभीरपणे कागदावर लिहिलं. ऊन लागणं आणि उन्हाळी लागणं यांत त्यांचा गोंधळ झाला होता. त्यांनी आईला साखर-मिठाच्या पाण्याच्या पुड्या दिल्या आणि बाहेर पडताना डोक्याला रुमाल बांधायला सांगितलं. दुपारी बारा ते चार उन्हात जायचं नाही. पाणी तीन लिटर प्यायचं.

मी शेजारीच उभी होते. चूक कुठे झाली ते मला कळलं होतं. त्याच आठवड्यात मी मूत्रमार्गाच्या संसर्गावरचं एक आख्खं पान इंग्रजीत पाठ केलं होतं, आकृतीसह. पण समोर पुरुष डॉक्टर, मागं दाराला टेकलेले चार पुरुष पेशंट, आणि तोंडातून निघायचा शब्द तो. माझी करंगळीसुद्धा वर झाली नाही.

परत येताना आई खूश होती. “चांगला हाय डाक्टर. सुई न्हाय मारली.” नंतर तिनं चार दिवस डोक्याला रुमाल बांधला, कारखान्याच्या छपराखाली, टॉवेलच्या ढिगात बसून. पुड्या शेजारच्या पोराला जुलाब झाले तेव्हा देऊन टाकल्या.

आता गंमत अशी की त्या चुकलेल्या चिठ्ठीतली एक गोष्ट बरोबर होती. तीन लिटर पाणी. आणि नेमकी तीच आईला जमणार नव्हती.

का ते मला माहीत होतं. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी तिच्याबरोबर धागे कातरायला गेले होते. शेडमध्ये एका बाजूला माग, दुसऱ्या टोकाला आम्ही बायका. मागांचा आवाज इतका की शेजारणीशी बोलायचं तरी तिच्या कानात ओरडावं लागतं. बायकांचा संडास शेडच्या मागं. त्याला कुलूप. किल्ली जॉबरच्या खुर्चीमागच्या खिळ्याला. जॉबर म्हणजे शेडमधल्या मागांवर आणि माणसांवर देखरेख करणारा. आमच्याकडचा जॉबर विणकरांच्या घरातला, घरी तेलुगू बोलणारा, पन्नाशीचा, माणूस वाईट नाही. बायका त्याला मामा म्हणायच्या, तो सगळ्यांना अक्का म्हणायचा. किल्ली दोनदा हरवली आणि शेठनं त्याला झापलं, म्हणून त्यानं ती एका जुन्या धोट्याला बांधून टाकली. धोटा म्हणजे मागावर आडवा धागा नेणारा लाकडी ठोकळा, वीतभर लांबीचा, दोन्ही टोकांना टोकदार. जुन्या मागांचा तो तसाच पडून होता. तो हातात घेऊन शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचं. नव्वद डोळे बघतात. लपवायचा म्हटला तर पदराखाली धोटा आणखीच विचित्र दिसतो.

आणि वर जॉबर मोठ्यानं मोजणार. “काय अक्का, परत? सकाळीच गेलतीस की!”

म्हणून बायकांनी सोपा उपाय काढला होता. पाणीच प्यायचं नाही. सकाळी घरून निघताना एकदा जायचं, संध्याकाळी घरी येऊन एकदा. माठ भरलेला असायचा. त्याच्यात डास सुखानं राहायचे. त्या पंधरा दिवसांत मीही तेच केलं आणि मला त्याचा अभिमान वाटला, हे सांगितलं पाहिजे. एक बाई म्हणाली, “तुजी पोरगी लई चिवट हाय, येकदा बी उठली न्हाय.” आई कौतुकानं हसली.

वडिलांना ही अडचण कधी समजलीच नाही. त्यांना एमआयडीसीतली कुठलीही भिंत मोकळी आहे. भिंतीवर ‘येथे लघवी करू नये’ लिहिलेलं असतं, ते ती पाटी तिथंच उभं राहून वाचतात. बायकांसाठी अशी पाटी मी अजून कुठे बघितली नाही. बायकांना लागते अशी शंकाच कुणाला आलेली दिसत नाही.

फेब्रुवारीत एका दुपारी आई कामावरून अर्ध्यातच परत आली. मी अभ्यास करत होते. बाहेर रस्त्यावर डांबर मऊ पडायला लागलेलं, आणि ती हुडहुडी भरून दोन चादरी पांघरून झोपली. कंबर एका बाजूनं दुखत होती. हात लावला तर अंग तव्यासारखं. मी चुन्याची डबी शोधायला उठले, सवयीनं. मग डबी हातात घेऊन उभी राहिले आणि मला स्वतःचीच लाज वाटली. दोन वर्षं मी कॉलेजात काय चुना शिकत होते का?

रिक्षानं तिला एका डॉक्टरबाईंकडे नेलं. या वेळी मी बोलायचं ठरवलं होतं. रिक्षात तोंडातल्या तोंडात सराव केला. आत गेल्यावर मात्र मराठी दाताखालीच राहिली आणि मी पुस्तकातलं म्हणाले, “मॅडम, बर्निंग मिक्चुरिशन आहे. विथ फीवर.”

डॉक्टरबाईंनी आईला विचारलं, “लघवीला आग होते का हो?”

“तर! मगापास्नं हिला म्हंतीया उन्हाळी लागलीया, उन्हाळी लागलीया.”

“माझी आजीपण उन्हाळीच म्हणायची,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “वर्षात किती वेळा झालं?”

आईनं बोटं मोजायला सुरुवात केली आणि दुसऱ्या हातावर गेली तेव्हा त्यांनी थांबवलं. आधी काय काय गोळ्या घेतल्या विचारलं. आईनं पिशवीतून प्लास्टिकची पुडी काढली. त्यात गोळ्यांची चार-पाच पाकिटं होती, वेगवेगळ्या दुकानांतली, आणि प्रत्येकातल्या तीन-चारच गोळ्या कमी.

“बाकीच्या?”

“आग थांबली की कशाला खायच्या? फुडच्या टायमाला ऱ्हात्यात. शेजारनीला बी दिल्या दोन.”

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत, पण त्यांचं हसणं गेलं. त्या आईला म्हणाल्या, “जंतू अर्धे मेले की तुम्ही गोळी बंद केली. उरलेले काय शिकले माहीत आहे का? ही गोळी कशी पचवायची ते.” मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाल्या की हे आता खालून वर, किडनीपर्यंत गेलंय. या वेळी वेळेत आलात. असंच चालू राहिलं तर एखाद्या वेळी नुसतं गोळ्यांवर भागणार नाही. आईला ऐकू जाऊ नये म्हणून त्या हळू बोलल्या. आईला सगळं ऐकू गेलं. मागांच्या आवाजात काम करणाऱ्या बायकांना ओठ वाचता येतात.

औषध सुरू करण्याआधी लघवीची कल्चर टेस्ट करायची होती. म्हणजे त्यातले जंतू वाढवून बघायचे, कोण आहे आणि कुठल्या औषधाला मरतो. त्यांनी मला छोटी बाटली दिली. “मिडस्ट्रीम घ्यायचंय. तू शिकतेस ना, समजाव आईला.”

आई बाथरूमच्या दारात. मी बाहेर. माझ्यापासून दोन हातांवर कंपाउंडर पुड्या बांधत होता. मिडस्ट्रीमला मराठीत काय म्हणतात? पुस्तकात मध्यप्रवाह असेल. भीमा नदीचं काहीतरी वाटतं ते.

“आये, मधलं दे,” मी दाराला तोंड लावून म्हणाले.

“मधलं म्हंजी?”

“म्हणजे... सुरुवातीचं नको.”

“सुरवातीचं कशाचं?”

कंपाउंडरचा हात थांबला होता. मी म्हणाले, “असू दे. दे काहीपण.”

आईनं काहीपण दिलं. आधी निर्जंतुक केलेली ती बाटली नळाखाली खळखळून धुतली. आवाज मला बाहेर ऐकू येत होता आणि तरी मी गप्प. मग काठोकाठ भरून आणली. एवढी कशाला, विचारलं तर म्हणाली, “आर्धी बाटली दिलेली बरी दिसती व्हय?” कुणाच्या घरी वाटी द्यायची तर शीग लावून द्यायची, तोच नियम.

गोळ्या सुरू झाल्या, ताप उतरला. या वेळी मी रोज रात्री पाकीट मोजायची आणि आई शेवटच्या गोळीपर्यंत शिव्या देत खायची. पण रिपोर्ट आला तो असा: अनेक प्रकारचे जंतू मिसळलेले, नमुना दूषित, योग्य पद्धतीनं पुन्हा पाठवावा. बाटलीत नळाचं पाणी होतं, कातडीवरचं सगळं होतं, एमआयडीसीची धूळसुद्धा असावी. फक्त आईला छळणारा नेमका कोण, ते त्यात सापडत नव्हतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, आता औषध चालू आहे, आत्ता घेऊन उपयोग नाही. परत आग झाली तर गोळी घ्यायच्या आधी ताबडतोब या.

मायक्रोबायोलॉजीच्या विद्यार्थिनीच्या आईचा नमुना दूषित. मी हे कॉलेजात कुणाला सांगितलं नाही, फक्त प्रॅक्टिकल घेणाऱ्या मॅडमना एकटं गाठून सांगितलं. त्या स्लाईड बघत होत्या. सूक्ष्मदर्शकाखाली गुलाबी काड्यांसारखे दिसणारे ई. कोलाय मला दाखवून म्हणाल्या, “हे आपल्या सगळ्यांच्या आतड्यात असतात. तिथं राहतात तोवर बहुतेक गुण्यागोविंदानं राहतात. पण बायकांची लघवीची वाट आखूड, आणि शेजार वाईट. दोन पावलांवर चुकीच्या घरात शिरतात.”

“आणि लघवी धरून ठेवली तर?”

“तर काय, त्यांना बसायला पाट दिल्यासारखं. वाहून जायच्या ऐवजी आरामात वाढतात.” मग त्यांनी स्लाईडवरून डोळे न काढता विचारलं, “तू दिवसभरात किती पाणी पितेस?”

कॉलेजच्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाथरूमला कडी नाही. एकीनं बाहेर दार धरायचं असतं. मी म्हणाले, “पिते की.” त्यांनी वर बघितलं.

महिन्याभरात, मार्चमध्ये, एका पहाटे आई बाथरूममधून तिसऱ्यांदा बाहेर आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. मी तिच्या हातातून चुन्याची डबी काढून घेतली आणि बाटली दिली. वडील बाहेर दात घासत होते. मी दार लावलं, श्वास घेतला आणि म्हणाले, “आये, नीट ऐक. पहिली धार सोडून द्यायची. मधली धार बाटलीत धरायची.”

आई माझ्याकडे बघतच राहिली. “मग आसं सरळ सांग की, धार काडायची हाय! त्या दिवशी मधलं मधलं काय करत हुतीस?”

“धार म्हणजे तशी नाही...”

“तशीच. शेळीची पयली धार भुईला सोडायची, घान आसती सडात. मधली चरवीत. कास आदी धुवायची.”

मी थक्क झाले. आमच्या पुस्तकात हेच होतं, याच क्रमानं. आधी जागा धुवायची, पहिला भाग सोडायचा, मधला घ्यायचा. एक आख्खं पान मी पाठ केलं होतं आणि ते आईच्या हातात लहानपणापासून होतं.

“आन शेवटची धार करडाला,” आई म्हणाली.

“इथं करडू नाही. ती सोडून दे.”

“करडू हाय की. हितं हुबं ऱ्हाऊन मला शिकवतंय.”

“आणि आये, बाटली धुवायची नाही.”

इथं मात्र ती अडली. “बिनधुतल्या भांड्यात धार? माज्या आयनं काठी घिऊन मारलं आसतं मला.” शेवटी मी शपथ घातली तेव्हा ती बाटली न धुता आत गेली. बाहेर आली ती अर्धी भरलेली बाटली घेऊन, तोंड वाकडं करून. अर्धी द्यायची तिला अजूनही लाज वाटत होती. बाटली पिशवीत घालून तासाच्या आत मी लॅबमध्ये पोचले. रिक्षात ती मांडीवर होती, कोमट. खरं सांगायचं तर मला किळस आली नाही. परीक्षेचा पेपर घेऊन निघाल्यासारखं वाटलं.

रिपोर्ट दोन दिवसांनी आला, स्वच्छ, एकच नाव. ई. कोलाय. आणि खाली औषधांची यादी. जी गोळी आई वर्षभर तीन-तीन करून खात होती तिच्यापुढे लिहिलं होतं, चालत नाही. दुसऱ्या एकापुढे, चालते.

“कोन हाय मग?” आईनं विचारलं.

“ई. कोलाय.”

“कोळी?”

“कोळी नाही. कोलाय.”

“कोळीच. जाळं इनत बसला आसंल आत. म्हंजी इनकरच निगाला की.” तिनं वडिलांना हाक मारली. “ऐकलं का, तुमच्याच धंद्यातला हाय.”

डॉक्टरबाईंनी गोळ्या बदलल्या. मग पेन खाली ठेवून म्हणाल्या, “हे मी केलं. पण दिवसभर पाणी पिणं, आणि दर तीन तासांनी जाऊन येणं, हे मी करू शकत नाही. ते नाही केलंत तर तुम्ही परत इथं येणार, आणि परत ताप घेऊन आलात तर मला तुम्हाला भरती करावं लागेल.”

आई बाहेर येऊन पायऱ्यांवर बसली. “गोळ्या खाईन,” ती म्हणाली. “पानी न्हाय जमायचं. दर तीन तासानं धोटा घिऊन नाचू व्हय समद्यांम्होरं?”

“मी बोलते जॉबरशी.”

“तू?” ती हसली. वाईट हेतूनं नाही. मी दवाखान्यात कशी बोलते ते तिनं बघितलं होतं.

म्हणून मी अर्ज लिहिला. आमच्या घरात लिहिण्याचं काम माझंच. रेशनचा अर्ज, वीजबिलाची तक्रार, मामाच्या पोरीच्या लग्नपत्रिकेवरचा मजकूर. ‘महोदय, विषय: महिला कामगारांच्या मूत्रविसर्जनाच्या सोयीबाबत.’ त्यापुढे दीड पान. दोनदा शुद्ध करून लिहिलं. कॉलेजला सुट्टी होती त्या दिवशी आईचा डबा घेऊन शेडमध्ये गेले आणि अर्ज जॉबरच्या हातात दिला. माग खडाखडा चालू होते. त्यानं चष्मा लावला, एकेक अक्षर ओठांनी वाचलं, आणि कपाळाला आठ्या घालून माझ्या कानाशी ओरडला, “विसर्जन? आत्ता कशाला? गणपतीला लई टाईम हाय की!”

“गणपतीचं नाही!” मी ओरडले.

“मग कुणाचं?”

“किल्ली!” मी खिळ्याकडे बोट केलं. “किल्ली पाहिजे!”

त्याला ऐकू येईना. त्यानं कानाला हात लावला. शेडच्या त्या टोकाला आई घड्या घालायची थांबली होती आणि माझ्याकडे बघत होती. तिनं मान हलवली, राहू दे, चल. तिच्या त्या हलणाऱ्या मानेचा मला राग आला, का कुणास ठाऊक. मी छाती भरून श्वास घेतला आणि जेवढं ओरडता येईल तेवढं ओरडले. नेमकी त्याच क्षणी लाईट गेली. एकामागून एक सगळे माग थांबले, आणि त्या शांततेत माझा आवाज पत्र्याला आपटून आख्ख्या शेडभर फिरला:

“बायकांना लघवीला लागते!”

कुणी हललं नाही. मागावरच्या माणसांनी धाग्यांकडे बघायला सुरुवात केली, जणू सगळेच एकदम तुटले होते. जॉबर अर्ज हातात धरून तसाच. माझे कान गरम झाले. पळून जावं म्हणून मी पाय उचलला, तेवढ्यात बायकांच्या टोकाकडून एक म्हातारा आवाज आला. सगळ्यांत जुन्या मावशी होत्या, गुडघ्यांवर टॉवेलचा ढीग घेऊन बसलेल्या.

“मला तर कवाची लागलीया,” त्या म्हणाल्या. “उठायचाच कटाळा येतू, ह्यो मोजतोय म्हनून.”

मग हशा उठला. आधी बायकांचा, मग मागावरच्या पोरांचा. जॉबरही हसला, पण त्याला घाम आला होता. “मोजत न्हाई अक्का, आपलं बोलायचं म्हणून बोलतंय,” तो म्हणाला. “उद्यापासून न्हाई बोलणार.”

आई उठली. शेडच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत आली, माझ्याकडे न बघता. खिळ्यावरून धोटा घेतला आणि तो पदराखाली न लपवता, उघडा, विळ्यासारखा हातात धरून मागच्या दारानं गेली. तिच्यामागं म्हाताऱ्या मावशी गेल्या. मग आणखी दोघी. लाईट यायच्या आधी बाहेर रांग लागली होती.

परत आल्यावर आईनं धोटा जुन्या खिळ्याला अडकवला नाही. घड्यांच्या टेबलाजवळ माठ आहे, त्याच्यावरच्या खिळ्याला अडकवला.

“हितं का, अक्का?” जॉबरनं विचारलं.

“हितं पानी हाय, मामा. हिकडं प्यायचं, तिकडं जायचं. तुमाला मोजायचं आसंल तर हितं स्टूल टाकून बसा.”

त्यानं स्टूल टाकलं नाही. माझा अर्ज त्यानं काय केला ते मात्र कळलं: दुसऱ्या दिवशी आई घरी आली तेव्हा तिच्या डब्यात त्याच कागदाची पुडी होती. आत भजी होती, शेडमध्ये कुणाचा तरी वाढदिवस होता. ‘मूत्रविसर्जनाच्या सोयीबाबत’ यावर तेलाचा मोठा डाग पडला होता. भजी चांगली होती.

त्यानंतर सगळं छान झालं असं नाही. धोटा तिथंच आहे, पण मागावरची पोरं अधूनमधून “धोटा चालला, धोटा चालला” म्हणून चिडवतात, आणि आई त्यांना त्यांच्या आयांची आठवण करून देते. माठ आता दर दोन दिवसांनी घासावा लागतो, त्यावरून बायकांत भांडणं होतात. पाण्याचं आईचं अजून पक्कं नाही; पाहुणे आले की विसरते. मीही कॉलेजात बाटली घेऊन जाते आणि कडी नसलेल्या त्या बाथरूमचं दार मैत्रिणीला धरायला सांगते. सांगताना करंगळी वर करत नाही, तोंडानं सांगते. अजूनही आवाज जरा खाली जातो.

मे महिन्यात डॉक्टरबाईंनी तपासायला बोलावलं होतं. बाहेर असं ऊन की रिक्षाचं सीट चटका देत होतं. आतमध्ये बाकावर सगळे पुरुषच होते, कुणाचा हात प्लास्टरमध्ये, कुणी खोकत. डॉक्टरबाई स्वतःच दारात आल्या आणि आईला बघून म्हणाल्या, “काय म्हणते उन्हाळी?”

“उन्हाळा हाय,” आई म्हणाली. “उन्हाळी न्हाय.”

तिला आत घेण्यासाठी त्यांनी पडदा बाजूला केला. आई उठली, पण आत गेली नाही. बाकावरच्या सगळ्या पुरुषांकडे एकदा बघितलं आणि खणखणीत आवाजात विचारलं, “आदी मला सांगा, हितलं बाथरूम कुटं हाय? सकाळपास्नं दोन तांबे पानी पिऊन आलीया.”